राउटर, जुना बिनतारी : पासवर्ड विसरल्यास

आधी दुसऱ्याने वापरलेला वायफाय राउटर हाती आला, पण त्याचा पासवर्ड देणाऱ्यालाही आठवत नाही, अशा वेळी तो पुन्हा वापरात आणण्याची रीत. पाथर्डीसारख्या (जि. अहिल्यानगर) तालुक्याच्या गावी असे राउटर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून, केबलवाल्याकडून किंवा पुण्यातली खोली सोडून गावी परतलेल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून येतात. तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, तिथे सौद्याआधी जनावराचे दात बघतात. राउटर घेताना तसा त्याचा तळ बघावा. तिथल्या लेबलावर मॉडेल, आवृत्ती, मॅक पत्ता, मूळ वायफाय नाव व पासवर्ड आणि लागणाऱ्या अॅडॅप्टरचे व्होल्ट छापलेले असतात. लेबल खरवडलेले असेल तर भाव पाडून मागायला हरकत नाही.

गोंधळ बहुधा पासवर्ड दोन असतात म्हणून होतो. एक वायफायचा, जो फोनमध्ये टाकतात; दुसरा व्यवस्थापनाचा, ज्याने राउटरची आतली पाने उघडतात. पहिला विसरला असेल तर विकणाऱ्याचा फोन कामी येतो : अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनात जतन केलेल्या वायफायचा क्यूआर कोड दाखवता येतो. दुसरा मात्र राउटरमधून सहसा वाचून काढता येत नाही. आधी केबलने लॅपटॉप जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडावा व लेबलावर व्यवस्थापनाचा पासवर्ड छापलेला असेल तर तो टाकून बघावा; बऱ्याच जणांनी तो कधी बदललेलाच नसतो. नाही चालला तर रीसेट, म्हणजे राउटर मूळ पासवर्डांवर परत नेणे.

रीसेटचे बटण बहुतेक वेळा मागच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढ्या भोकात असते. राउटर चालू ठेवून सिमकार्ड काढायची सुई किंवा सरळ केलेली कागदाची क्लिप आत घालावी, बटण दबल्याचा ‘टक्’ बोटाला जाणवतो, आणि दहा सेकंद तसेच धरावे. समोरचे दिवे एकदम लुकलुकले किंवा विझून पुन्हा पेटले की सोडावे. काही मॉडेलांत हेच बटण डब्ल्यूपीएससाठीही (पासवर्ड न टाकता वायफाय जोडण्याच्या सोयीसाठी) असते. नुसते दाबले तर भलतेच काम होते, दाबून धरले तरच रीसेट. नंतर मिनिट-दोन मिनिटे राउटरची वीज बंद करू नये. वीज ये-जा करत असेल तर राउटर आधी इन्व्हर्टरवर घ्यावा.

मात्र सुई घालण्याआधी एक चौकशी करणे फार गरजेचे आहे. रीसेटने पासवर्डाबरोबर इंटरनेट जोडणीचे तपशीलही पुसले जातात : पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीचे यूजरनेम व पासवर्ड, असल्यास व्हीलॅनचा आकडा. काही स्थानिक केबलवाले जोडणी आपल्याकडच्या आधीच्या राउटरच्या मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. तेव्हा या राउटरचा पत्ता त्यांच्याकडून नोंदवून घ्यावा लागतो. राउटरचा पासवर्ड गेला तर पाच मिनिटांचे काम. हे तपशील गेले तर केबलवाल्याच्या मागे दोन दिवस. आपली जोडणी वेगळी असेल तर विकणाऱ्याचे तपशील तसेही निरुपयोगी, मग बिनधास्त पुसावे.

रीसेटनेही दिव्यांत काही बदल होत नसेल तर आधी अॅडॅप्टर तपासावा. ९ व्होल्टचा राउटर १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर जळू शकतो, आणि पिन दोन्हींची सारखीच बसते. सॉफ्टवेअरच बिघडले असेल तर टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता देऊन टीएफटीपीने मूळ सॉफ्टवेअर भरता येते. हे हौशी माणसाचे काम. टेलिफोनची बारीक पिन बसणारा जुना एडीएसएल मॉडेम फायबरच्या जोडणीवर मॉडेम म्हणून चालत नाही, त्यामुळे त्याचा पासवर्ड मिळूनही उपयोग थोडाच.

प्रवेश मिळताच दोन्ही पासवर्ड बदलावेत, कंपनीचे ताजे सॉफ्टवेअर भरावे आणि डब्ल्यूपीएस बंद करावे, कारण त्याच्या पिन पद्धतीतली त्रुटी २०११ मध्येच उघड झाली. २०१६ मधल्या ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने घरगुती कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले ते साठेक ठरावीक मूळ यूजरनेम-पासवर्डांच्या जोड्या वापरून. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सगळ्या उपकरणांना एकच सोपा मूळ पासवर्ड देण्यास कायद्याने बंदी केली. जुने राउटर या बंदीआधीचे. त्यांतल्या अनेकांत यूजरनेमही ‘अॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अॅडमिन’.

फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, हा वेगळा प्रकार. तो अनेकदा सेवा देणाऱ्या कंपनीच्या मालकीचा असतो व जोडणी बंद केल्यावर परत करायचा असतो. कंपनी तो दुरून चालवते व त्याच्या अनुक्रमांकावरून ओळखते. रीसेट केल्याने त्याची मालकी बदलत नाही, उलट आतले तपशील पुसून जोडणीच बंद पडू शकते. असा डबा कोणी विकायला काढला तर घेऊ नये.