निम्म्याचा हिशेब

पाण्याने भरलेल्या पेल्यावर कांदा ठेवला, की दोन-चार दिवसांत त्याला पांढरी मुळे फुटतात. अशा मुळाचे टोक रंगवून काचेवर चेपायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, हा धडा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला चुकत नाही. पेशींत काळसर दोरे दिसतात. हीच गुणसूत्रे. कांद्यात ती 16 असतात. पेशी दुभंगली की दोन्ही कन्यापेशींत पुन्हा सोळा-सोळाच. कमी नाही, जास्त नाही.

हा प्रकार प्रथम नीट उलगडून दाखवला जर्मनीतल्या कील येथील वाल्थर फ्लेमिंगने. (पेनिसिलीनवाला फ्लेमिंग निराळा, बरं का!) सॅलॅमँडर नावाच्या प्राण्याच्या पिलांतल्या मोठाल्या पेशी रंगवून त्याने दाखवले, की प्रत्येक दोरा उभा चिरला जातो आणि एकेक भाग एकेका बाजूला जातो. 1882 साली त्याचा ग्रंथ निघाला. दोऱ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने या क्रियेला 'मायटोसिस' म्हटले. आपण सूत्री विभाजन म्हणतो. आपली जखम भरते, केस वाढतात, ते याच्याच बळावर.

पण इथेच एक अडचण उभी राहते. मूल होते ते आईची एक पेशी आणि बापाची एक पेशी एकत्र येऊन. दोघांची गुणसूत्रे पुरी असतील, तर मुलात ती दुप्पट, नातवंडांत चौपट! दहाव्या पिढीला हजारपट होतील. तसे होताना तर दिसत नाही. मग कुठे तरी कोणी तरी निम्मे करीत असले पाहिजे.

बेल्जमचा एदुआर व्हान बेनेडेन 1883 साली घोड्याच्या पोटातल्या जंतावर काम करीत होता. जंत म्हटल्यावर आपण नाक मुरडू, पण त्याच्या पेशीत गुणसूत्रे अवघी चार, म्हणजे मोजायला सोपी. बेनेडेनला दिसले की अंड्याकडून दोन येतात, शुक्रपेशीकडून दोन, आणि गर्भात चार होतात. निम्मे झालेले होते खरे. पण का झाले, याचा अर्थ लावला तो दुसऱ्याच माणसाने.

फ्रायबुर्गच्या आउगुस्ट वाइझमानची दृष्टी तरुणपणापासूनच अधू झाली होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणे त्याला दीर्घकाळ जमत नसे. मग हा गृहस्थ विचार करीत बसला. 1887 साली त्याने मांडले, की बीजपेशी तयार होताना आनुवंशिक द्रव्य निम्मे करणारे एक खास विभाजन असलेच पाहिजे. त्याच्या उपपत्तीतला पुष्कळसा तपशील पुढे टिकला नाही. निम्मे होणे मात्र टिकले. मला या साऱ्या कथेत हाच माणूस जवळचा वाटतो.

ते निम्मे होते कसे? आपल्या 46 गुणसूत्रांच्या 23 जोड्या. जोडीतले एक आईचे, एक बापाचे. सूत्री विभाजनात जोडीदार एकमेकांना ओळखही देत नाहीत. बीजपेशी होताना मात्र ते शेजारी येऊन बिलगतात, काही तुकड्यांची अदलाबदल करतात, आणि मग दोन दिशांना जातात. त्यानंतर दुसरे विभाजन होते, ते साधारण नेहमीसारखे. एकीच्या चार पेशी होतात, प्रत्येकीत 23. कोणत्या जोडीतले कोण कुठे गेले, हा निव्वळ योग. नुसत्या या वाटणीनेच 83 लाख 88 हजार 608 प्रकार होऊ शकतात, अदलाबदल निराळीच. म्हणून सख्खे भाऊ सख्ख्या भावासारखे दिसत नाहीत. नाकतोड्यातल्या या जोड्या पाहून अमेरिकेतल्या वॉल्टर सटन या विद्यार्थ्याने 1902-03 साली त्यांचा मेंडेलच्या नियमांशी सांधा जुळवला. 1905 साली फार्मर आणि मूर यांनी 'कमी होणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या विभाजनाला नाव दिले, तेच आजचे 'मायोसिस'; मराठीत अर्धगुणसूत्री विभाजन.

46 हा आकडा मी सहज लिहून गेलो. पण 1923पासून तीस-बत्तीस वर्षे जगभर 48च मोजत होते! स्वीडनमधील लुंड येथे 1955च्या डिसेंबरात ज्यो हिन त्जिओला 46 दिसली. पुढच्या वर्षी त्याने आणि लेव्हानने ते प्रसिद्ध केले. आधी छापील आकडा आणि मग डोळे, असे शहाण्यांचेही होते.

त्या दुरुस्तीला फार मोल आले. 1959 साली पॅरिसला लेजून, गोतिए आणि त्युर्पँ यांनी दाखवले, की डाउनच्या विकाराने जन्मलेल्या मुलांत 47 गुणसूत्रे असतात; एकविसाव्या जोडीत एक जादा. जोडी फुटायच्या वेळी फुटत नाही, म्हणून असे घडते. बहुधा ही चूक अंड्यात होते. त्याचे एक कारण असे, की मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींत हे विभाजन सुरू होते, मध्येच थांबते आणि पुढे पंधरा, तीस, कधी चाळीस वर्षांनी पुरे होते. इतका काळ जोडीदार तसेच अडकून राहिलेले. आईचे वय वाढते तसा धोका वाढतो, तो यामुळेच.

अशा मुलाच्या आईला आपल्याकडे काय काय ऐकावे लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. ग्रहण पाळले नाही, विळीला हात लावला, अमुक खाल्ले. यांतल्या बहुतेक मुलांत ती जोडी गर्भ राहण्यापूर्वीच अडकलेली असते. सासूने ग्रहणाच्या दिवशी सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवायच्या आधीच.