प्रिपोझिशनचं सोवळंओवळं

इंग्रजी वाक्याचा शेवट प्रिपोझिशनने करू नये, असं बजावणारे मास्तर आपल्याकडेही भेटतात. या नियमाचं कूळ काढायला गेलं तर माग व्याकरणकारांच्याही आधी एका नाटककाराच्या दारात पोचतो.

१६७२ साली जॉन ड्रायडनने मागच्या पिढीतल्या नाटककारांच्या भाषेचे वाभाडे काढले. बेन जॉन्सनच्या 'कॅटिलाइन' नाटकातल्या एका ओळीच्या टोकाला त्याला 'फ्रॉम' लोंबताना दिसलं. हा याचा नेहमीचाच दोष, असा शेरा मारून तो आपल्याही लेखनात असल्याचं त्याने मान्य केलं. एवढ्यावर न थांबता, नाट्यकाव्यावरचा आपला १६६८चा निबंध १६८४मध्ये पुन्हा छापताना अशी कितीतरी वाक्यं त्याने फिरवून घेतली. दोष का, हे मात्र सांगितलं नाही. पण इंग्रजी वाक्याबद्दल शंका आली की ते लॅटिनमध्ये करून पाहतो, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. आणि लॅटिनमध्ये प्रिपोझिशन आपल्या नामाला मागे टाकून वाक्याच्या शेवटी एकटं राहत नाही.

इंग्रजी पडली जर्मानिक कुळातली. 'द ट्री आय सॅट अंडर' ही रचना तिच्या हाडीमाशी खिळलेली. स्वीडिश, डॅनिशमध्येही ती सर्रास चालते. मराठीत हा तंटाच नाही. आपलं शब्दयोगी अव्यय सामान्यरूपाला चिकटतं आणि 'ज्या झाडाखाली बसलो' म्हणताना त्याच्यासोबतच पुढे येतं.

१७६२मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने आपल्या व्याकरणात मवाळ भूमिका घेतली: बोलण्यात ही रचना रूढ आहे, घरगुती शैलीत शोभते, भारदस्त लेखनात मात्र प्रिपोझिशन आधी घ्यावं. गंमत म्हणजे इंग्रजीचा या रचनेकडे ओढा आहे, हे सांगतानाचे त्याचे शब्द 'टू'वरच थांबतात. मला तरी ही मिश्किली वाटते. १७९५मध्ये लिंडली मरेने तेच विधान आपल्या व्याकरणात घेतलं आणि 'टू' उचलून आत नेऊन बसवलं! मरेचं पुस्तक शाळाशाळांतून गेलं. सल्ल्याचा दंडक झाला तो असा.

१९२६मध्ये फाउलरने आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात या दंडकाची गणना अंधश्रद्धेत केली. तेव्हा मास्तर, मुलांच्या निबंधात वाक्याच्या टोकाला 'विथ' किंवा 'फॉर' दिसलं, तर लाल शाई आवरा.