न घुसणारी पाचर

गोल्फ शिकायला लागलेला माणूस सगळ्यात आधी एकच खटाटोप करतो, तो म्हणजे चेंडू उचलण्याचा. चेंडू गवतावर पडलेला असतो आणि त्याला हवेत पाठवायचं असतं. मग काठी त्याच्या खाली घालून त्याला वर उडवायला हवं, असं हाताला आपोआप वाटतं. या कृतीला मराठीत नेमकं क्रियापद आहे: कोलणे. गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूने खालून उडवायची, ते कोलणं. विटीला हे चालतं, गोल्फच्या चेंडूला चालत नाही. कोलायला गेलं की वजन मागच्या पायावर अडकतं आणि काठी एकतर चेंडूच्या मागे जमिनीत रुतते, नाहीतर चेंडूच्या टाळक्यावर बसते. चेंडू गवतातून सरपटत जेमतेम वीस पावलं जातो. अशा वेळी शिकवणारा सांगतो, "उचलू नका, लॉफ्टवर सोडा." मराठी माणसाला शिकवताना "कोलू नका" एवढं म्हटलं तरी काम भागेल, असं मला वाटतं.

लॉफ्ट म्हणजे काठीच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन. मुंबईच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराच्या वर जो पोटमाळा असतो आणि ज्यावर आजीची पितळी भांडी धूळ खात पडलेली असतात, त्यालाही आपण लॉफ्टच म्हणतो. दोन्ही एकच शब्द. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेत 'लोप्ट' म्हणजे हवा, आकाश. त्यावरून घराचा वरचा मजला, माळा. जर्मन 'लुफ्ट' त्याचाच सख्खा, म्हणून लुफ्तान्साच्या नावात हवा आहे. आणि गंमत अशी की 'लिफ्ट' हा शब्दही त्याच घरातला: 'लोप्ट'वरून क्रियापद झालं 'लिप्टा', म्हणजे हवेत नेणं. थोडक्यात, शिकवणारा जे सांगतो ते असं, की लिफ्टचं काम लॉफ्ट करतं, तुम्ही करायचं नाही. आकाश काठीच्या तोंडावर आधीच कोरून ठेवलेलं आहे. लोखंडी क्लबने, म्हणजे काठीने, चेंडूवर किंचित खाली येणारा फटका मारायचा, आधी चेंडू, मग माती. चेंडू त्या तिरप्या तोंडावरून उलटा फिरत निघतो आणि वर चढतो. खाली मारल्याने वर जातो, हे पटायला माणसाला कित्येक महिने लागतात. काहींना कधीच पटत नाही.

सगळ्यात लांब मारणाऱ्या ड्रायव्हरला साधारण ९ ते १२ अंश लॉफ्ट असतो, वाळूतून काढणाऱ्या सँड वेजला ५४ ते ५८. चेंडू नुसता घरंगळवायचा त्या पटरलासुद्धा तीन-चार अंश असतात. चेंडू गवतात थोडा बसलेला असतो, त्याला तिथून बाहेर काढून घरंगळत ठेवायला तेवढे लागतात.

आज क्लबांना आकडे आहेत, पूर्वी नावं होती. तळाला पितळेची पट्टी ती ब्रासी, तोंडाला खोलगट ती स्पून, स्कॉट बोलीत हुकाला म्हणतात म्हणून क्लीक. शिवाय मॅशी, निब्लिक, आणि दोन्हींच्या मधली मॅशी-निब्लिक. घरातल्या माणसांना हाक मारावी तशी ही नावं. मग दांड्या पोलादी झाल्या. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने त्यांना १९२९ साली मान्यता दिली, अमेरिकेत त्या आधीच आल्या होत्या. एकसारख्या दांड्यांचे संच कारखान्यात बनू लागले आणि नावांच्या जागी आकडे आले. लोक पंचवीस-तीस काठ्या घेऊन फिरायला लागले, तेव्हा १९३८ मध्ये अमेरिकेने आणि पुढच्या वर्षी ब्रिटनने १४ची मर्यादा घातली. ती अजून आहे.

आकड्यांत शिस्त दिसते, पण नावापेक्षा आकडा जास्त फसवतो. निब्लिक ती निब्लिकच, पण सात नंबर म्हणजे किती अंश, हे कोणी बांधून दिलेलं नाही. गेल्या काही दशकांत कंपन्यांनी लॉफ्ट हळूहळू कमी करत आणला. १९८०च्या सुमारास ज्या कोनाला पाच नंबर म्हणत, तो आज पुष्कळ संचांत सात नंबर म्हणून विकला जातो. गिऱ्हाईक दुकानात सात नंबरने मारून बघतं, चेंडू जुन्या सातपेक्षा वीस-पंचवीस यार्ड पुढे जातो आणि ते खुशीत पैसे मोजतं. नवा संच घेताना काठीवरचा आकडा पाहू नका, अंश विचारा.

आता 'वूड'. लांब मारायच्या क्लबांना अजून वूड म्हणतात, तीन नंबरचं वूड, पाच नंबरचं वूड. त्यात लाकूड औषधाला नसतं. पूर्वी होतं: डोकं पर्सिमनचं, दांडी हिकरीची. हे दोन्ही शब्द अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अल्गॉन्किन भाषांतले. हिकरी तर मुळात झाडाचं नावच नव्हतं, त्याच्या फळांच्या गरापासून केलेल्या दुधाळ पेयाचं होतं. पर्सिमन मात्र आपल्याला परका नाही. तो डायोस्पायरॉस वंशातला, म्हणजे गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात ज्याची पानं विडीसाठी तोडतात त्या तेंदूचा, आपल्या टेंभुर्णीचा, भाऊबंद. जड, चिवट आणि घट्ट लाकूड. १९७९ मध्ये टेलरमेड कंपनीने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला आणि लोकांनी त्याला 'पिट्सबर्ग पर्सिमन' म्हटलं, कारण पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. पुढे १९९१ मध्ये कॅलवेचा 'बिग बर्था' आला. हे नाव पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं. मग टायटॅनियम आलं, डोकी फुगत गेली आणि शेवटी ४६० घन सेंटिमीटरवर नियमाने थांबवावी लागली. वस्तू अशी आमूलाग्र बदलली तरी शब्द लाकडालाच चिकटून राहिला. आपल्याकडे तेलाचं हेच झालं. तिळाचं ते तैल, त्यावरून तेल. पण आज शेंगदाण्याचंही तेल आणि मातीचंही तेल.

चेंडूची कथा याहून रंगतदार आहे. जुना चेंडू म्हणजे चामड्याची पिशवी. त्यात टोपीभर हंसाची पिसं उकडून ठासायची. वाळताना चामडं आक्रसायचं, पिसं फुगायची आणि चेंडू दगडासारखा व्हायचा. याचं नाव 'फेदरी'. फेदर म्हणजे पीस, आणि तो शब्द संस्कृतातल्या पत्, म्हणजे उडणे, या धातूचा नातलग. याच धातूपासून पत्र, म्हणजे आधी पंख, मग पान, आणि मग पोस्टाने येतं ते. कारागीर दिवसभर खपून तीन-चार चेंडू करायचा, त्यामुळे गोल्फ हा पैसेवाल्यांचाच खेळ राहिला. १८४८च्या सुमारास गट्टापर्चाचा चेंडू आला. मलाय भाषेत 'गेता' म्हणजे झाडाचा चीक. सेंट अँड्र्यूजला एक आख्यायिका सांगतात: पूर्वेकडून विष्णूची मूर्ती तिथे आली, तिच्याभोवती वेष्टण म्हणून हा वाळलेला चीक होता, आणि पॅटरसन नावाच्या विद्यार्थ्याने तो तापवून त्याचा चेंडू वळला. खरंखोटं विष्णूला ठाऊक, पण गोल्फच्या इतिहासात आपला एक देव शिरला आहे एवढं नक्की.

हा गट्टी चेंडू नवा असताना नीट उडत नसे. मार खाऊन त्याच्यावर ओरखडे पडले की मात्र सरळ आणि लांब जाई. कारागिरांनी हे हेरलं आणि नव्या चेंडूवरच हातोडीने खाचा पाडायला सुरुवात केली. १९०५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम टेलरने गोल खड्ड्यांच्या रचनेवर पेटंट मागितलं. या खड्ड्यांना म्हणतात डिंपल, म्हणजे गालावरची खळी. आजच्या चेंडूला अशा तीनशे ते पाचशे खळ्या असतात. त्या चेंडूलगतची हवा घोळवून मागची ओढ कमी करतात. गुळगुळीत चेंडू जवळजवळ निम्म्याच अंतरावर पडतो.

गोल्फ या शब्दाची स्वतःची गोष्ट थोडक्यात उरकतो. तो पहिल्यांदा सापडतो तो १४५७ सालच्या स्कॉटलंडच्या कायद्यात, आणि तोही बंदीच्या हुकमात. राजा दुसरा जेम्स याला तिरंदाज हवे होते आणि लोक फुटबॉल-गोल्फ खेळत होते. बहुधा डच 'कोल्फ', म्हणजे सोटा, हा त्याचा पूर्वज. इंग्रजीत पुरुषांपुरता आणि बायकांना मज्जाव अशा वाक्याची आद्याक्षरं जोडून गोल्फ झाला, ही व्हॉट्सअॅपवर फिरणारी गोष्ट शुद्ध थाप आहे. 'क्लब'ही मुळात जाड डोक्याचा सोटा. एकत्र गोळा होणं, वर्गणी काढणं या अर्थाने तो क्रियापद झाला आणि त्यातून मंडळ या अर्थाचा क्लब निघाला. त्यामुळे क्लबात जाऊन क्लब फिरवणारा माणूस दोन्हीकडे एकच शब्द वापरतो. आपली वर्तमानपत्रं 'गोल्फ स्टिक' लिहितात ते खेळणाऱ्यांना खटकतं, पण वाचकाचा गोंधळ वाचतो, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही.

काही शब्द शिकणाऱ्याला मदत करतात, लॉफ्टसारखे. काही मात्र सरळ सरळ दिशाभूल करतात, आणि त्यांत पहिला मान 'स्ट्राँग ग्रिप'चा. ऐकणारा जिवाच्या आकांताने मूठ आवळतो. मनगटं ताठ होतात, खांदे आखडतात. इथे स्ट्राँगचा जोराशी काडीचा संबंध नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याने दोन्ही हात दांडीवर किंचित उजवीकडे वळवून ठेवायचे, की वरून पाहताना डाव्या मुठीचे तीन उंचवटे दिसले पाहिजेत, ती स्ट्राँग ग्रिप. एकच दिसला तर वीक. स्ट्राँग पकडीत काठीचं तोंड फटक्याच्या वेळी मिटतं, म्हणून ज्याचा चेंडू उजवीकडे वळतो त्याला ती सुचवतात. त्या उजवीकडच्या वळणाला म्हणतात स्लाइस. जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ ढलपी. पण पकड स्ट्राँग झाली तरी मुठीचा दाब हलकाच. 'वळती पकड' म्हटलं असतं तर कितीतरी लोकांचे खांदे वाचले असते.

दुसरा फसवा शब्द 'वेज'. वेज म्हणजे पाचर. सुतार ओंडक्यात पाचर ठोकतो ती घुसण्यासाठीच, आणि आपण कोणाच्या कामात पाचर मारतो तीही घुसूनच. वाळूच्या खड्ड्यात उभा राहिलेला नवशिका म्हणूनच सँड वेजने खणायला लागतो. जुनी निब्लिक खरोखरच खणायची, पातळ धार वाळूत शिरायची आणि तिथेच राहायची. अमेरिकेच्या जीन सॅराझेनने हे बदललं. विमानाच्या शेपटाकडच्या झडपा पाहून त्याला कल्पना सुचली, असं तो सांगत असे. त्याने निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने धातूचा जाड थर चढवला, असा की मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली आली. तो क्लब घेऊन त्याने १९३२ची ब्रिटिश ओपन जिंकली. खाली उतरलेल्या त्या तळाच्या कोनाला 'बाउन्स' म्हणतात. वाळूला आधी तळ टेकतो आणि काठी रुतण्याऐवजी सरकत पुढे जाते. फटका चेंडूला मारायचाच नसतो. काठीचं तोंड थोडं उघडं ठेवून चेंडूच्या इंच-दोन इंच मागे वाळूवर मारायचं आणि थांबायचं नाही. वाळूचा लोट चेंडूला घेऊन बाहेर पडतो. जगात न घुसण्यासाठी बनवलेली पाचर बहुधा ही एकच.

तिसरा शब्द बाजाराचा आहे, 'फर्गिव्हिंग'. क्षमाशील क्लब. याच्या मागे खरं विज्ञान आहे. नॉर्वेत जन्मलेल्या कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने १९५९ मध्ये पटर बनवला, त्यात वजन मधून काढून दोन टोकांना नेलं. मग चेंडू मध्यावर लागला नाही तरी डोकं कमी वळतं. चेंडूला लागताना तो 'पिंग' असा वाजायचा, तेच कंपनीचं नाव झालं. पुढे आलेल्या एका पटरचं नाव आन्सर. अक्षरं मावेनात म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधला डब्ल्यू गाळला आणि तसंच नाव रूढ झालं. पण असा क्लब क्षमा करतो ती चेंडू मध्यापासून थोडा ढळण्याची. काठीचं तोंडच भलतीकडे असेल तर तो काहीही माफ करत नाही. हे जाहिरातीत येत नाही.

क्रिकेटला मराठीने फलंदाज, षटकार, पायचीत दिले. गोल्फला एकही शब्द दिला नाही. क्रिकेट रेडिओवर आलं, गल्लीत आलं. गोल्फ कुंपणाआड राहिला, १८२९ मध्ये कलकत्त्याला क्लब निघाला तेव्हापासून. कुंपणाच्या आत मराठी बोलणारे होते ते बहुतेक कॅडी. हा शब्द फ्रेंच 'कॅडे'चा, घरातला धाकटा मुलगा. एडिंबराच्या रस्त्यांवर तो निरोप पोचवणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या पोरांना लागला आणि तिथून गोल्फमध्ये आला. चेंबूरच्या मैदानावर पिशव्या वाहणाऱ्या पोरांनी वस्तीच्या बोळांत स्वतःचा गोल्फ उभा केला, लोखंडी सळई वाकवून केलेल्या काठीने आणि प्लास्टिकच्या चेंडूने. त्या सळईचा लॉफ्ट कोणी मोजलेला नाही.

मराठी खेळांना परक्या शब्दांचं वावडं नाही. विटीदांडूतले वकट, लेंड, मूंड हे तेलुगू आकडेच आहेत. म्हणून गोल्फसाठी कोशात बसून प्रतिशब्द पाडावेत असं मला वाटत नाही. शब्द घडले असतील तर ते कॅडींच्या तोंडी. चेंबूरला, येरवड्याला किंवा आणखी कुठे हे काम केलेलं कोणी तुमच्या ओळखीत असेल, तर वाळूच्या खड्ड्याला, वाकड्या फटक्याला, कंजूष मेंबराला ते आपसांत काय म्हणत, ते विचारा आणि लिहून पाठवा.