आगपेटी पंधरावी, आगपेटी पहिली

‘जंगलात वाट चुकलात. जवळ पाच वस्तू आहेत. गरजेप्रमाणे क्रम लावा.’ असा कागद फिरला की संख्याशास्त्राच्या तासाला पेंगणारा वर्गही भांडायला उठतो. या खेळाचं कूळ दोन घराण्यांचं आहे.

पहिलं घराणं थेट चंद्रावरचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे हॉल यांनी चंद्रावर अडकलेल्या काल्पनिक यात्रींपुढे 15 वस्तू ठेवल्या. नासाच्या उत्तरात प्राणवायू पहिला, आगपेटी पंधरावी. हवाच नाही तर काडी जळत राहणार कशी? एकट्याचं उत्तर बरं की गटाचं, हे हॉल यांना पाहायचं होतं. पुढे चंद्राच्या जागी वाळवंट, समुद्र, जंगल आलं.

दुसरं घराणं जुनं. ब्रह्मदेशात लढलेले इंग्रज लष्करी अधिकारी चार्ल्स स्पिअरमन पुढे मानसशास्त्राकडे वळले. इंग्लंडमधल्या बर्कशायरच्या एका खेडेगावातल्या शाळकरी मुलांची ज्ञानेंद्रियं किती तल्लख आहेत ते त्यांनी तपासलं आणि त्याची सांगड मुलांच्या हुशारीशी घालून पाहिली. दोन क्रमवारी एकमेकींशी किती जुळतात, हे एका आकड्यात सांगण्याची वाट 1904च्या त्यांच्या निबंधातून रुळली.

आता भंडाऱ्यात या. समजा, कोका अभयारण्यासाठी जाणत्याचा क्रम असा: पाणी, आगपेटी, शिट्टी, दोरी, होकायंत्र. काठावरच्या गावचा पोरगा पाण्याची बाटली पाचवी लावतो. बाकीच्या वस्तू एकेक घर वर सरकतात. का रे? “पानी बोडीत आहेच ना सर, उकळाले आगपेटी पाह्यजे!” बोडी म्हणजे छोटं तळं; कोहळी समाजाने तलाव बांधलेल्या मुलखातलं हे उत्तर.

स्पिअरमन यांच्या सूत्राने गणित मांडा. क्रमांतले फरक 4, 1, 1, 1, 1. त्यांचे वर्ग मिळवले की 20, सहापट 120. खाली पाच गुणिले चोवीस (पाचाचा वर्ग वजा एक), म्हणजे 120. भागाकार एक, तो एकातून वजा केला की सहसंबंध शून्य!

चार वस्तूंचा आपसातला क्रम दोघांचा एकच, तरी शून्य. एकट्या बाटलीच्या चार घरांचा वर्ग सोळा झाला आणि त्यानेच सगळं खाल्लं. फरकाचा वर्ग म्हणजे काय, हे पोरांना इथे कळतं. आणखी एक कळतं: शून्य म्हणजे क्रम जुळले नाहीत एवढंच, चुकलं कोण, ते सूत्र सांगत नाही. ते ठरवायला बोडीत पाणी आहे का, हे जाऊनच बघावं लागतं.