घोडवाटांवरची सायकल : इंग्लंडमधील वहिवाटीचा इतिहास

दक्षिण इंग्लंडमधील ससेक्स, हॅम्पशर, विल्टशर आणि बकिंगहॅमशर या परगण्यांतल्या खडूच्या टेकड्यांवरून आज माउंटन बाइक, म्हणजे जाड खाचदार टायरांची, भक्कम सांगाड्याची आणि चढासाठी अतिशय हलके गिअर असलेली सायकल, ज्या वाटांनी धावते, त्यांतील फारच थोड्या वाटा सायकलसाठी पाडलेल्या आहेत. कळप बाजाराला हाकणारे मेंढपाळ, गिरणीकडे धान्य वाहणारी लादणीची घोडी आणि शेजारच्या गावच्या चर्चला जाणारी माणसे यांच्या ये-जा करण्याने त्या पडल्या आणि शतकानुशतकांच्या वहिवाटीने टिकल्या. या छंदाचा इतिहास यंत्राच्या शोधापासून सांगण्याची रीत आहे. परंतु इंग्लंडपुरते बोलायचे तर ती अपुरी आहे, कारण यंत्र बाहेरून आले तरी त्याला पाय ठेवायला जमीन मिळाली ती वाटांच्या कायद्यामुळे, आणि त्या कायद्याची घडण यंत्रापेक्षा कितीतरी जुनी आहे.

इंग्लंडमध्ये वाटेखालची जमीन बहुधा खाजगी मालकीची असते, मात्र तिच्यावरून जाण्याचा हक्क सर्व जनतेचा असू शकतो, आणि हा हक्क परंपरेने तीन पायऱ्यांत विभागलेला आहे. पायवाटेवरून फक्त चालत जाता येते. घोडवाटेवरून चालत किंवा घोड्यावर बसून जाता येते, आणि घोडा हाताने धरूनही नेता येतो. गाडीवाटेवरून या सर्वांखेरीज चाकांचे वाहनही नेता येते. एकदा सार्वजनिक ठरलेली वाट वापर थांबला म्हणून खाजगी होत नाही, हे तिथल्या न्यायव्यवस्थेचे जुने तत्त्व आहे. या व्यवस्थेला सर्वांत मोठा हादरा एन्क्लोजरने, म्हणजे गावाची सामाईक कुरणे आणि विखुरलेली शेते एकत्र करून, कुंपण घालून, व्यक्तिगत मालकीत वाटून देण्याच्या प्रक्रियेने दिला. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने असे पाच हजारांहून अधिक कायदे केले. प्रत्येक ठिकाणी नेमलेले आयुक्त जमिनीबरोबर वाटांचीही फेरआखणी करत, काही जुन्या वाटा मोडीत काढत आणि उरलेल्यांची रुंदी व दिशा निवाडापत्रात नोंदवून ठेवत. ज्या नकाशांनी गरिबांची कुरणे गेली, तेच नकाशे पुढे वाटांच्या बचावाचा पुरावा ठरले. १८१५ च्या एका कायद्याने तर दोन दंडाधिकाऱ्यांना ‘अनावश्यक’ वाट बंद करण्याचा अधिकार दिला, आणि हे दंडाधिकारी स्वतःच जमीनदार वर्गातले असल्याने त्याचा उपयोग कोणाच्या सोयीने झाला हे वेगळे सांगायला नको. जुन्या पायवाटा वाचवण्यासाठी १८२६ मध्ये मँचेस्टरला संस्था स्थापन झाली, ती याच पार्श्वभूमीवर.

या तीन पायऱ्यांच्या चौकटीत सायकल नेमकी कुठे बसते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. १८७९ मध्ये ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या खटल्यात, बेफाम वेगाने गाडी हाकण्याविरुद्धच्या कायद्यापुरती सायकल ही गाडीच होय, असा निर्णय झाला, आणि १८८८ च्या स्थानिक प्रशासन कायद्याने सायकलला स्पष्टपणे गाडीचा दर्जा दिला. रस्त्यावर सायकलस्वाराला हुसकावून लावणे त्यामुळे अशक्य झाले, आणि १८७८ मध्ये हॅरोगेट येथे स्थापन झालेल्या सायकलिस्ट्स टूरिंग क्लबसारख्या संस्थांनी त्याचे स्वागत केले. मात्र या दर्जाची दुसरी बाजू फारशी कोणाच्या ध्यानात आली नसावी : गाडीला घोडवाटेवर हक्क नसतो, म्हणून सायकललाही तो नव्हता. पुढची ऐंशी वर्षे घोडवाटेने जाणारा सायकलस्वार कायद्याच्या दृष्टीने हक्काविना जात होता.

तरीही लोक जात राहिले. ‘वेफेअरर’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या डब्ल्यू. एम. रॉबिन्सन यांनी मार्च १९१९ मध्ये वेल्समधील बर्विन डोंगर बर्फातून सायकलसह ओलांडल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि १९५५ मध्ये खडबडीत वाटांचे प्रेमी एकत्र येऊन ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही संस्था स्थापन झाली. या मंडळींच्या सायकली साध्या प्रवासी सायकलीच होत्या. जिथे चाक चालेना तिथे सायकल खांद्यावर घेणे हा त्यांच्या छंदाचाच भाग होता.

खरी निर्णायक घटना मात्र कागदावर घडली. १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रवेश कायद्याने परगणा परिषदांना आपल्या हद्दीतील सर्व सार्वजनिक वाटांचा नकाशा करण्याची जबाबदारी दिली, आणि पाहणीचे मूळ काम बहुतेक ठिकाणी पॅरिश परिषदांकडे, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीशी ढोबळपणे तुलना करता येईल अशा गावपातळीवरच्या मंडळांकडे गेले. कुठे गावातील जाणत्यांनी प्रत्येक बांध तुडवून काटेकोर नोंदी केल्या, तर कुठे परिषदेवर जमीनमालकांचे वजन असल्याने किंवा कोणाला उत्साह नसल्याने जुनी घोडवाट नुसती पायवाट म्हणून लिहिली गेली. त्यामुळे एकच वाट पॅरिशची हद्द ओलांडताच दर्जा बदलते, एका गावात घोडवाट असते आणि पुढच्या गावात पायवाट होते, अशी उदाहरणे आजही आढळतात. जमिनीवर मात्र काहीच बदललेले नसते. आज इंग्लंडमधील एकूण सार्वजनिक वाटांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा सायकलला खुला आहे, त्याचे मूळ बऱ्याच अंशी त्या पाहणीतील नोंदींत आहे.

१९६८ च्या ग्रामीण क्षेत्र कायद्याच्या कलम ३० ने अखेर सायकलस्वाराला घोडवाटेचा हक्क दिला, पण हात राखून दिला. सायकलस्वाराने चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट द्यावी, ही अट न्याय्यच होती. त्याबरोबर हेही लिहिले गेले की सायकलींच्या सोयीसाठी वाटेत काही सुधारणा करण्याचे बंधन स्थानिक प्रशासनावर येणार नाही. तरी घोड्यासाठी केलेली सोय सायकलला आपोआप मिळाली. पायवाटेवर कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात आणि तिथे सायकल उचलून पलीकडे न्यावी लागते. घोडवाटेवर मात्र किमान पाच फूट रुंदीचे फाटक असावे लागते, आणि अनेक फाटकांच्या खिटीला स्वाराला खोगिरावरून उतरावे न लागता पोहोचता येईल इतकी उंच दांडी बसवलेली असते. निळा बाण घोडवाटेचा आणि पिवळा पायवाटेचा, ही खूण खांबावर पाहूनच सायकलस्वार वळण घेतो.

हा हक्क देताना पार्लमेंटसमोर माउंटन बाइक नव्हतीच. ती १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपायसच्या कोरड्या उतारांवर घडली. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास सायकलींचे रचनाकार जेफ ॲप्स चिल्टर्न टेकड्यांत वेगळ्या वाटेने विचार करत होते. चिल्टर्नमध्ये खडूवर चिकणमाती आणि गारगोट्यांचा थर आहे, आणि हिवाळ्यात तो चिखल चाकाला धरून बसतो. म्हणून त्यांच्या ‘क्लीलंड’ सायकलींत पायडलचा आस उंच होता, बैठक सरळ होती, मडगार्ड होते, आणि ब्रेक चाकाच्या तुंब्यात बसवलेले असल्याने चिखलाने निकामी होत नसत. टायर फिनलंडमध्ये बर्फासाठी बनवलेले होते. या सायकली फार थोड्या विकल्या गेल्या, आणि १९८० च्या दशकात बाजार अमेरिकी घडणीच्या सायकलींनीच जिंकला. पण स्थानिक जमीन वाचून केलेली रचना म्हणून ॲप्स यांचे काम आज आहे त्यापेक्षा अधिक मानाच्या जागी असायला हवे.

वाट आणि यंत्र यांची गाठ सर्वांत ठळकपणे पडली ती दीर्घ पल्ल्याच्या मार्गांवर. १९७२ मध्ये खुला झालेला आणि पुढे विंचेस्टरपर्यंत वाढवलेला सुमारे १६० किलोमीटरचा साउथ डाउन्स वे जवळजवळ संपूर्ण घोडवाटेच्या दर्जाचा असल्याने माउंटन बाइकस्वारांचा आवडता ठरला. त्याच्या पुढच्याच वर्षी रिजवे खुला झाला. हा अतिप्राचीन मार्ग थेम्स नदीच्या पश्चिमेला कड्यावरून जातो आणि तिथे तो सायकलला मोकळा आहे. नदी ओलांडल्यावर मात्र त्याचे मोठे तुकडे नकाशावर पायवाट म्हणून नोंदलेले असल्याने सायकलस्वाराला दुसरी वाट शोधावी लागते. उत्तरेकडील पेनाइन ब्रायडलवे हा मार्ग मेरी टाउनली या घोडेस्वार महिलेच्या चिकाटीने आकाराला आला. १९८६ मध्ये त्यांनी घोड्यावरून लांबचा प्रवास केला, तो डोंगरातील घोडवाटांची दुरवस्था लोकांसमोर आणण्यासाठी. आज तोच मार्ग सायकलस्वारही वापरतात.

१९६८ नंतरच्या कायद्यांनी सायकलला फारसे काही दिले नाही. २००० च्या ग्रामीण क्षेत्र व वहिवाट कायद्याने डोंगर, माळ आणि सामाईक भूमीवर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क दिला तो फक्त पायी चालणाऱ्यांना, तर स्कॉटलंडने २००३ मध्ये जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वारालाही जवळपास सर्व भूमीवर प्रवेश दिला. २००० च्याच कायद्याने जुन्या पण नकाशावर न आलेल्या वाटांची नोंद करण्यासाठी २०२६ ची मुदत घातली. ती पुढे २०३१ पर्यंत वाढवली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. दरम्यान सायकलस्वार, घोडेस्वार आणि चालणारे यांच्या संस्थांचे स्वयंसेवक परगण्यांच्या अभिलेखागारांत बसून एन्क्लोजरचे निवाडे, दशमांश कराचे नकाशे आणि रेल्वेचे जुने आराखडे चाळत होते, आणि मुदत राहो वा जावो, ते काम अजून संपलेले नाही.