संपाला पाठिंबा आणि सहीचा अधिकार

बंगळूरच्या फ्रीडम पार्कात आता निदर्शनांसाठी जागा नेमून दिलेली आहे. मांडव तिथेच पडतो, आणि विरोधी पक्षाचा कोणी ना कोणी पुढारी येऊन संपकऱ्यांना पाठिंबा जाहीर करून जातो. सत्ता पालटली की वक्ते बदलतात, भाषण बहुधा तेच राहते. याला दुटप्पीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पक्षशिस्त म्हणजे नेमके काय आणि ती पुढाऱ्याला कुठे अडवते, हे पाहायचे असेल तर याच जागेच्या इतिहासात डोकवावे. बाग होण्यापूर्वी इथे मध्यवर्ती तुरुंग होता आणि आणीबाणीत राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते त्यात स्थानबद्ध होते.

ते बंगळूरला आले होते ते पक्षांतरबंदी विधेयकाचा विचार करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीच्या बैठकीसाठी. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही त्याच कामासाठी आलेले. २६ जून १९७५ रोजी हे सारे पकडले गेले. सदस्याने पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिल्यास त्याचे सदस्यत्व जावे, अशी तरतूद त्या विधेयकात होती. म्हणजे पक्षशिस्तीला कायद्याचे बळ द्यावे की नाही याची चर्चा करायला आलेल्या विरोधी खासदारांना सरकारने चर्चेपूर्वीच आत टाकले. विधेयकही पुढे १९७७ साली लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले.

याच्या वर्षभर आधी, ८ ते २७ मे १९७४, रेल्वेचा देशव्यापी संप झाला होता. त्याचे नेते जॉर्ज फर्नांडिस मूळचे मंगळूरचे. पाद्री होण्यासाठी बंगळूरच्या सेमिनरीत दाखल झालेला आणि तिथून बाहेर पडून मुंबईच्या कामगार चळवळीत मिसळलेला हा माणूस. गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना आठ तासांचा दिवस, बोनस, सार्वजनिक उद्योगांच्या तोडीचे वेतन या प्रमुख मागण्या होत्या. मालक म्हणजे केंद्र सरकार, त्यामुळे सत्ताधारी पक्षाच्या खासदारांपुढे संपाला विरोध करणे किंवा गप्प राहणे एवढेच पर्याय उरले. काँग्रेसशी जवळीक असलेला रेल्वे कामगारांचा महासंघही संपाबाहेर राहिला. दंडवते समाजवादी, विरोधी बाकांवरचे. त्यांच्या पाठिंब्याची त्यांना पक्षात काही किंमत मोजावी लागणार नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. संप चिरडला गेला. हजारो लोक तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या.

मार्च १९७७ मध्ये जनता सरकार आले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. संपात बडतर्फ झालेल्यांना त्यांनी कामावर परत घेतले. आम्हां प्रशासनातल्या लोकांना यातली अडचण चटकन कळते. बडतर्फीचा आदेश एका ओळीचा असतो. तो फिरवायचा तर सेवाखंडाचे काय, मधल्या काळाच्या पगाराचे काय, ज्येष्ठतेचे काय, आणि ज्यांनी संपात काम केले त्यांची नाराजी कशी काढायची, असे एकेक प्रश्न टिपणीतून वर येत राहतात. अशा फाईली 'पुढील विचारार्थ' वर्षानुवर्षे पडून राहू शकतात. मंत्र्याची इच्छा पक्की असेल तरच त्या हलतात. सभेतल्या पाठिंब्यापेक्षा मला हा पाठिंबा मोठा वाटतो.

पण बोनसचे काय? ती एका मंत्रालयाची बाब नव्हती. रेल्वेला बोनस दिला की टपाल, संरक्षण उत्पादन अशी सगळी खाती रांगेत उभी राहणार, हा अर्थखात्याचा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अगदीच पोकळ म्हणता येत नाही. मोरारजींच्या मंत्रिमंडळात संपाचा नेता उद्योगमंत्री होता आणि संपाचा पाठीराखा रेल्वेमंत्री. तरीही उत्पादकतेशी जोडलेला बोनस रेल्वे कामगारांच्या हाती आला तो १९७९मध्ये ते सरकार पडल्यावर, चरणसिंगांच्या काळात. इथे आदेश मोडला तर सदस्यत्व जाईल असा कायदा नव्हता. बांधून ठेवणारी गोष्ट होती ती मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी. ती पाळायची नसेल तर खुर्ची सोडावी लागते. (जुलै १९७९ मध्ये जॉर्जनी लोकसभेत सरकारची जोरदार बाजू मांडली आणि लगेचच ते सरकार सोडून गेले, ही त्याच शिस्तीची दुसरी बाजू. असो.)

बंगळूरकरांना स्वतःचा अनुभव आहेच. १९८०च्या डिसेंबरअखेर एचएएल, बीईएल, आयटीआय, एचएमटी, बीईएमएल या कारखान्यांतले सव्वा लाखाच्या आसपास कामगार 'भेल'च्या बरोबरीने वेतन मागत संपावर गेले. सत्त्याहत्तर दिवस टिकले, पण बरोबरी मिळाली नाही. केंद्रात आणि राज्यात एकाच पक्षाची सत्ता, आणि वेतनाची चौकट दिल्लीत ठरणारी. स्थानिक पुढाऱ्याने कितीही पाठिंबा दिला तरी त्याच्या हाती सही करण्याजोगा कागदच नव्हता.

दहावी अनुसूची १९८५ साली आली. आदेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाण्याची तरतूद तिच्यात आहे. संपकऱ्यांच्या मांडवात जाऊन बोलू नये असे तिच्यात कुठेही म्हटलेले नाही. विश्वासदर्शक ठराव आणि पक्षाच्या मुख्य धोरणाचे प्रश्न एवढ्यापुरताच असा आदेश असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२च्या किहोतो प्रकरणात सुचवले. पक्ष मात्र किरकोळ विधेयकालाही आदेश काढतात. त्यामुळे कामगारांच्या हक्कांवरचे विधेयक आले की सत्ताधारी आमदार मांडवात एक बोलतो आणि सभागृहात दुसरीकडे हात वर करतो.

मला स्वतःला वर्तणूक नियमांतल्या सातव्या नियमाने संपाची मनाई आहे, तेव्हा या विषयावर मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. डिसेंबर १९८९ मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि दंडवते अर्थमंत्री. रेल्वे कामगारांच्या मागणीची फाईल आता एका समाजवाद्याच्या टेबलावरून दुसऱ्या समाजवाद्याच्या टेबलावर जाणार होती, आणि अर्थखात्याचा तो जुना युक्तिवाद मांडण्याची पाळी दंडवत्यांची होती.