निशाणाचे रंग आणि १९३१ चा कौल

काँग्रेसच्या तिरंगी निशाणातील रंगांना जातीय अर्थ चिकटले होते. शिखांनी आपल्याही रंगाचा आग्रह धरला. म्हणून एप्रिल १९३१ मध्ये कराचीस सात जणांची ध्वजसमिती नेमली गेली. तीत काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर होते. समितीने प्रांतिक काँग्रेस समित्यांची मते मागविली आणि चरखांकित एकरंगी केशरी ध्वज सुचविला. परंतु १९३० च्या सत्याग्रहात लोकांनी लाठ्या झेलल्या होत्या त्या तिरंग्याखाली. ऑगस्टात मुंबईस भरलेल्या महासमितीने एकरंगी ध्वज नाकारला. तांबड्याच्या जागी केशरी आला, पट्ट्यांचा क्रम बदलला आणि रंग जमातींचे नसून गुणांचे आहेत, असे ठरावातच नमूद झाले.